वाटेचं पान

शेताला फाटक असू शकतं, हे शिवकांताला उतारवयात, घरात सून आल्यावर कळलं. तोवर शिरूर अनंतपाळच्या रस्त्यालगतच्या त्या रानाला बांध होता, बांधावर बाभळी होत्या आणि बाभळींच्या मधून माणसांनी आणि जनावरांनी मिळून पाडलेली एक वाट होती. यंदा दिवाळीनंतर बाभळी गेल्या. त्यांच्या जागी काटेरी तारा आल्या, लोखंडी फाटक आलं, फाटकावर कमान आली आणि कमानीवर ‘बसवछाया कृषी पर्यटन केंद्र’ हे नाव आलं. आज, येळवसेच्या दिवशी, त्या कमानीला झेंडूचे हार घातले होते आणि खाली निळ्या गणवेशातले दोन पहारेकरी उभे होते. आत यायचं तर गळ्यात पास हवा.

शिवकांताच्याही गळ्यात तो होता. इष्टलिंगाच्या शेजारी, छातीवर, प्लास्टिकच्या पाकिटात तिचंच नाव लोंबत होतं. सकाळी स्वतःच्या रानात शिरताना पहारेकऱ्यानं ते वाचलं, मान हलवली आणि म्हणाला, “जावा आत.” जावा आत! ज्या मातीत तिनं लग्नाच्या पहिल्या वर्षी अनवाणी चालून टाचा फोडून घेतल्या होत्या, त्या मातीत जायला एका परक्या माणसानं तिला परवानगी दिली होती. तेव्हापासून तिच्या मनात काहीतरी धुमसत होतं, ओल्या शेणीसारखं. ज्वाळा नाही, पण धूर डोळ्यांत जाणारा.

लातूरकडच्या माणसाला येळवस समजावून सांगावी लागत नाही. शाळू पोटरीत आलेला असतो, हरभऱ्याला घाटे धरू लागलेले असतात, आणि काळं रान पोटुशा बाईसारखं जड, तृप्त, जरासं हळवं होऊन पडलेलं असतं. पोटुशीला डोहाळे लागतात; मग रानाला लागणार नाहीत का? म्हणून मार्गशीर्षाच्या अमावास्येला घरंच्या घरं डोक्यावर टोपल्या घेऊन शेताकडं निघतात. शहरातली दुकानं आपोआप बंद राहतात. कडब्याच्या पेंढ्या एकमेकींवर टेकवून कोप उभी करायची, तिच्या आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून बसवायचे, त्यांना डाळी नि भाज्या एकत्र शिजवलेल्या भज्जीचा, बाजरीच्या उंड्यांचा, ताकातल्या आंबिलीचा नैवेद्य दाखवायचा आणि मग सगळ्यांनी मातीवर मांडी घालून जेवायचं.

पण शिवकांताच्या सासरी यात एक जास्तीची रीत होती. पूजा झाली की पहिलं पान घरच्या धन्याचं नव्हे, जंगमस्वामींचं नव्हे, सोयऱ्याधायऱ्याचंही नव्हे. ते वाटेचं. रस्त्यानं जो कुणी चालला असेल, ज्याला कुणी बोलावलेलं नाही, ज्याला आपण कुठं चाललो याशिवाय दुसरं काही ठाऊक नाही, त्याला बांधावर उभं राहून हाक मारायची. तो बसून जेवेपर्यंत रानात कुणी तोंडात घास घालायचा नाही. सासू म्हणायची, आपण रानाचे धनी नाही, आपणसुद्धा वाटेनंच आलो आहोत. वर्षातून एकदा तरी त्याची आठवण ठेवावी. असं करता करता त्या पानावर बंद पडलेल्या एसटीचा चालक जेवला होता, सायकलवरचे मौलवीसाहेब जेवले होते, लंगडत निघालेला एक वासुदेव जेवला होता. एका वर्षी तर ज्यानं विहिरीवरची मोटार चोरली असा साऱ्या गावाला संशय होता, नेमका तोच वाटेनं आला. त्यालाही पोटभर वाढलं. मोटारीचा विषय दुसऱ्या दिवशी काढला.

हाक मारण्याचं काम बाईचं. सासूनंतर ते शिवकांताकडं आलं, आणि साऱ्या संसारात हेच एक काम असं होतं की जे करताना तिला आपण कुणीतरी आहोत असं वाटायचं.

यंदा मात्र नवरा, बसलिंगप्पा, वेगळ्याच नादात होता. लातूरच्या आडत बाजारात त्याचा शब्द चालत असे. माणूस वाईट नव्हता. देणारा होता, पण दिलेलं चार जणांनी बघावं असं त्याला वाटे. लातुरात कुठल्याशा परिषदेसाठी मॉरिशसहून मराठी मंडळी आल्याचं कानावर येताच त्यानं त्यांतल्या एका बाईंना येळवसेचं निमंत्रण दिलं. केंद्राचं उद्घाटनही त्याच दिवशी उरकायचं, वर्तमानपत्रवाले बोलवायचे, व्यापारी मित्र बोलवायचे. हिरवळीवर मंडप पडला. मंडपातच सजवलेली कोप उभी राहिली, शामियान्याच्या झालरीखाली. पांडवांच्या कोपीवर पहिल्यांदाच छत आलं.

पाहुण्या बाईंचं नाव सुमती सखाराम. निवृत्त शिक्षिका. पणजोबा कोकणातून उसाच्या मळ्यांवर गेलेले. त्यांचं मराठी सावकाश होतं, घासून पुसून ठेवलेल्या भांड्यासारखं. बाकीचे पाहुणे मंडपातल्या खुर्च्यांवर बसले, पण या मात्र शिवकांता भज्जी ढवळत होती तिथं, चुलीजवळ, अंगावर शाल लपेटून येऊन बसल्या.

“थंडी वाजायली का बाई?” शिवकांतानं विचारलं.

“फार. आमच्या देशात आता भर उन्हाळा आहे. गुलमोहोर सगळा लाल झाला असेल. लिचीची झाडं वाकली असतील.”

“गुलमोहोर? आत्ता? आमच्याकडं तो वैशाखात फुलतो की वो.”

“आमचे ऋतू उलटे आहेत. तुम्ही कुडकुडता तेव्हा आम्ही घामेजतो.”

“आन् सण?”

“सण तुमचेच. ते तिथीनं येतात, त्यांना ऋतू कोण विचारतो? गणपती आमच्याकडं थंडी सरताना येतो. होळी पावसात भिजते. आणि महाशिवरात्र तर थेट वादळांच्या दिवसांत.”

शिवरात्रीचं नाव निघताच शिवकांताचा पळा थांबला. तिच्या लेखी शिवरात्र म्हणजे थंडी ‘शिव शिव’ म्हणत निघून जाण्याचा दिवस. ती वादळात येते, हे तिला विलक्षण वाटलं.

“मग करताव कशी?”

“चालतो. डोंगरात एक तळं आहे, गंगा तलाव. बेटाच्या चहूबाजूंनी लोक पायी निघतात. खांद्यावर सजवलेल्या कावडी. वर पाऊस. आणि रस्त्याच्या कडेला घराघरातली माणसं खाणं, चहा, पाणी घेऊन उभी असतात.”

“कुणासाठी?”

“जो चालतो त्याच्यासाठी.”

“वळखीचा असंल तर?”

“ओळखीच्याला रस्त्यावर कशाला वाढायचं? तो घरी येऊन खातो.” सुमतीबाई हसल्या. मग हसू ओसरलं. “मी लहान असताना फार मोठं चक्रीवादळ आलं होतं. आमचं घर पत्र्याचं; ते उडालं. समोरच्याचं घर सिमेंटचं होतं. ते मुसलमान, आमच्याशी त्यांचं बोलणंही नव्हतं. वडील आम्हाला घेऊन रस्त्यावर आले, तर त्यांचं दार उघडंच. आत आधीच इतकी माणसं होती की त्यांची स्वतःची मुलं उभी होती. आमच्याकडं वादळात दार लावून घेणारा माणूस पुढं कितीही चांगला वागला, तरी त्याचं ते दार कुणी विसरत नाही.”

शिवकांतानं पळा पुन्हा फिरवायला घेतला. तिला वाटलं, उलट्या ऋतूंच्या त्या बेटावरून ही बाई सरळ आपल्या बांधावर येऊन उतरली आहे.

तिकडं ध्वनिक्षेपकावर बसलिंगप्पाचं भाषण सुरू झालं होतं. “…आज तिकडं मॉरिशसमध्येसुद्धा आपले बांधव ह्याच कडाक्याच्या थंडीत, ह्याच हुरड्याच्या सुगंधात…” सुमतीबाईंनी शालीत तोंड लपवलं. शिवकांताला लाज वाटली, आणि तरीही हसू आलं. हे आजचं तिचं शेवटचं हसू.

पूजा झाली. भरल्या ओटीनं कोपीभोवती प्रदक्षिणा झाली. शिवकांतानं पत्रावळ घेतली. त्यावर भज्जी, उंडे, तिळाची पोळी, शेंगदाण्याची पोळी आणि द्रोणात खीर वाढली आणि पदराखाली ते पान धरून ती हाक मारायला फाटकाकडं निघाली.

फाटकाबाहेर एक जोडपं उभं होतं. ऊसतोडीची माणसं, पलीकडच्या माळावर त्यांच्या टोळीचा तळ पडला होता. बाईच्या डोक्यावर पाचटाचा भारा होता, पुरुषाच्या हातात कोयता. कमानीकडं ते कुतूहलानं बघत होते. येळवसेला कुठल्याही रानातून हाक येते हे त्यांनाही ठाऊक असणार. किंवा नुसतेच झेंडू बघत असतील. शिवकांतानं तोंड उघडलं, पण त्याआधीच पहारेकऱ्याचा आवाज आला.

“पास हाय का? न्हाई ना? मग व्हा पुढं. इथं कार्यक्रम हाय मोठ्या लोकांचा.”

“आमी कुठं काय म्हनलाव,” बाई म्हणाली. “बघून राहिलो नुसतं.”

“बघायला बी पास लागतो.”

पुरुषानं बायकोच्या पाठीला हात लावला. दोघं निघाली. त्यांनी मागं वळूनही पाहिलं नाही, आणि तेच शिवकांताच्या काळजात कोयत्यासारखं शिरलं. अपमानाची सवय असलेली माणसंच अशी न बोलता निघून जातात.

“अवो थांबा! जेवून जावा!” ती ओरडली. पण मंडपात आता सनई लावली होती. तिची हाक त्या सनईत विरून गेली.

“फाटक उघड,” ती पहारेकऱ्याला म्हणाली.

“बाई, साहेबांची परवानगी लागंल. बिगरपासचं कुनाला…”

ती तशीच मागं फिरली. मंडपात बसलिंगप्पा मित्रांच्या घोळक्यात उभा होता. ती पान घेऊन घोळक्यात शिरली, तेव्हा व्यापाऱ्यांनी अंग चोरून वाट दिली.

“अहो, तुमची मानसं रस्त्यावरल्यास्नी हाकलायलेत. वाटेचं पान कुनाला वाढू मी?”

बसलिंगप्पानं आजूबाजूला पाहिलं, आवाज खाली घेतला. “हळू बोल की. ते सगळं ध्यानात हाय माझ्या. त्याच्यावर लई चांगला तोडगा काढलाय.” आणि त्यानं ध्वनिक्षेपक हातात घेतला. “मंडळी, आमच्या घरची एक थोर परंपरा हाय. पहिलं पान अनोळखी वाटसराचं! आज सात समुद्र ओलांडून, हजारो कोसांची वाट तुडवून आलेल्या सुमतीताईंइतका लांबचा वाटसरू दुसरा कोण असणार? हे पान त्यांचं!”

टाळ्या पडल्या. फोटोवाले पुढं सरसावले. कुणीतरी शिवकांताचं कोपर धरून तिला सुमतीबाईंच्या समोर उभं केलं.

क्षणभर तिला वाटलं, द्यावं पान, संपवावं हे. बाई चांगली आहे, भुकेली आहे, परमुलखातून आली आहे. पांडवांना काय फरक कळणार? पण तिचे हात पुढं होईनात. रस्त्यावरच्या बाईची वळलेली पाठ तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. आणि मग, साऱ्या आयुष्यात चारचौघांत नवऱ्याला उलट न बोललेली शिवकांता बोलली.

“ह्या पाव्हण्या हायेत. ह्यांना तुमी गाडी धाडून आनलं. बोलावलेला मानूस वाटेचा होत न्हाई.”

“शिवकांता, लोक बघायलेत.”

“बघू द्या. मघा ती बाई हाकलली तवा कुनी बघितलं न्हाई.”

तेव्हा सुमतीबाईंनीच हात जोडले. “मला क्षमा करा,” त्या बसलिंगप्पाला म्हणाल्या, “पण हे पान मी खाऊ शकत नाही. आमच्याकडं शिवरात्रीला रस्त्यावर मांडलेलं खाणं मोटारीतून उतरलेल्या पाहुण्यांना वाढलं, तर चालणाऱ्याच्या तोंडचं काढल्यासारखं होईल. त्या खाण्याला आम्ही हात लावत नाही.”

बसलिंगप्पाचा चेहरा उतरला, मग तापला. “झालं! घरची बाई बी नडली, पाव्हणी बी नडली! आता सगळे उपाशी बसायचे का? शंभर मानसं हायेत मंडपात.”

“म्हनूनच म्हनते, फाटक उघडा.”

“उघडलं तर सगळी टोळी येईल आत! उद्घाटन हाय माझं, अन्नछत्र न्हाई.”

हे बोलून झाल्यावर त्यालाही आपण काय बोललो ते कळलं असावं. पण बोललेला शब्द आडतीवर मागं घेत नाहीत, आणि त्याला तीच सवय होती.

शिवकांतानं पान कोपीत, पांडवांच्या पायाशी ठेवलं. गळ्यातला पास काढून त्याच्या शेजारी ठेवला. पहारेकऱ्यानं या वेळी न विचारता फाटकातला दिंडीदरवाजा उघडला, कारण बाहेर जायला पास लागत नव्हता.

रस्ता उन्हानं पांढरा पडला होता. दोन्ही बाजूंच्या रानांतून कोपी दिसत होत्या, माणसं दिसत होती, चुलींचे धूर सरळ वर चढत होते. ती त्या जोडप्याला शोधत झपाझप चालली. फार लांब जावं लागलं नाही. लगतचं रान शेषेरावचं. तुटपुंजं, पण नीट राखलेलं. त्याच्या कोपीपुढं ती दोघं पंगतीत बसली होती, आणि पाचटाचा भारा बांधावर पडला होता.

शिवकांता बांधावरच थांबली. शेषेरावनं तिला पाहिलं आणि उठला. “अवो वैनी! या या, जेवून जावा!”

“मी जेवायला न्हाई आले, शेषेराव. ह्यास्नी बोलवायला आले.” ती त्या बाईकडं वळली. “मघाचं मनात धरू नका. आमच्या रानात पहिलं पान तुमचं हाय. चला.”

बाईनं घास हातातच धरला. तिचं नाव केवळाबाई, लोह्याकडची. तिनं शिवकांताला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. आवाज चढवला नाही.

“बाई, आमी तिथं गेलोच न्हवतो जेवायला. उभं होतो. उभं राहू दिलं न्हाई. आता पान हाय म्हनताव. तुमचं पान अडलंय म्हनून आमी लागतो का?”

ते खरं होतं. शिवकांताला ही माणसं हवी होती ती रीत पुरी व्हावी म्हणून. तिचा सारा संताप नवऱ्यावर होता. त्यातला एक तुकडा आता तिच्याच वाट्याला आला आणि तो गिळणं सोपं नव्हतं.

“बराबर हाय तुमचं,” ती एवढंच म्हणाली. तिचे डोळे भरून आले, पण तिनं ते पुसले नाहीत.

“अन् आता वैनी, उनात उभं राहून करताव काय?” शेषेराव म्हणाला. “तुमी बी वाटंनं आलाव. आज वाटंवरल्याला न्हाई म्हनता येत न्हाई, अन् वाटंवरल्यानं बी न्हाई म्हनू नये. उठा गं पोरींनो, वैनीला पान वाढा.”

केवळाबाईच बाजूला सरकली आणि मातीवर हातानं जागा झाडली. “बसा. भज्जी चांगली झालीय. मीठ जरा कमी हाय, पर शेषेरावभाऊला सांगू नका.”

“ऐकू आलं मला,” शेषेराव म्हणाला.

शिवकांतानं वहाणा काढल्या आणि बसली. आपल्या रानातलं पान तसंच पडून असताना आपण जेवतो आहोत, याची बोच होती. पण त्याहून मोठी गोष्ट ही की आज प्रथमच कुणीतरी तिला हाक मारून बोलावलं होतं. इतकी वर्षं ती हाक मारणारी होती. हाक ऐकून थांबणाऱ्याला काय वाटतं, हे तिला ठाऊकच नव्हतं.

थोड्या वेळानं सुमतीबाई आल्या. शाल खांद्यावरून घसरलेली, पायी, एकट्या. शेषेरावनं त्यांनाही हाक मारली. कुठल्या, कोण, काही विचारलं नाही. त्या बसल्या आणि जेवू लागल्या, भुकेल्या माणसासारख्या, भरभर.

मग बसलिंगप्पा आला. पायात चामड्याचे बूट, कपाळावर भस्माचे पट्टे घामानं विस्कटलेले. तो बांधापाशी थांबला.

“चल. मानसं खोळंबलीत.”

“जेवू द्या की त्यास्नी.”

“वाटेचं पान झाल्याबिगर कसे जेवतील? तूच म्हनतीस ना? मी उभा होतो फाटकात. रस्त्यावर चिटपाखरू न्हाई.”

“न्हाईच येनार. तिथं पास लागतो हे रस्त्याला कळलंय.”

“बस की आप्पा,” शेषेराव म्हणाला. “बूट तेवढे काढ. तू बी इथं वाटंचाच.”

केवळाबाईनं पत्रावळीकडं हात नेला. बसलिंगप्पानं त्या हाताकडं पाहिलं. त्याला भूक लागली होती हे त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. बसला असता तर, असं शिवकांताला पुढं पुष्कळ दिवस वाटत राहिलं. पण पलीकडच्या मंडपातून माणसं बघत होती.

“आज फाटक उघडायला लावतो,” तो खालच्या आवाजात म्हणाला. “झालं समाधान?”

“आज उघडाल. पुढल्या येळवसेला?”

तो खोटं बोलला नाही. “पुढलं पुढं बघू. धंदा हाय हा, शिवकांता.” आणि तो वळला. थोड्याच वेळात ध्वनिक्षेपकावरून जाहीर झालं की मान्यवरांनी भोजनास प्रारंभ करावा. वाटेचं पान कुणी खाल्लं नव्हतं. आजवर असं कधी झालं नव्हतं. अवर्षणाच्या सालीही नाही.

जेवणं उरकली. शेषेरावनं आंबिलीचं मडकं डोक्यावर घेतलं, हातात पळसाचा डहाळा घेतला आणि तो रानाच्या कडेनं निघाला. मागून सगळी चालली. “ओलगे ओलगे, सालम पोलगे!” अर्थ कुणाला माहीत नसलेले ते जुने शब्द हरभऱ्यावरून, शाळूवरून सरकत गेले आणि आंबिलीचे थेंब पानांवर पडत राहिले. फिरत फिरत ती सारी तारांपाशी आली. पलीकडं शिवकांताचं रान होतं. दुपारच्या उन्हात पोटरीतला शाळू डुलत होता, काही न कळणाऱ्या लेकरासारखा.

शेषेराव थांबला. “वैनी, तुमच्याकडं अजून आंबील शिंपली न्हाई. तारंवरून चार थेंब टाकू का?”

त्या रानाचा काहीच दोष नव्हता. त्याला तारा कुणी घातल्या हेही त्याला कळलं नसेल. तिनं तारेवर हात ठेवला; तार तापली होती, तरी काढला नाही.

“नगं, शेषेराव,” ती म्हणाली. “यंदा वाटेचं पान झालं न्हाई, हे रानाला बी कळू द्या.”

शेषेरावनं डहाळा मडक्यात बुडवला आणि तारांना पाठ करून तो पुढच्या बांधाकडं वळला.